दोन ते चारची बाग

प्रसेनजीतच्या घरात चार पावलं मावायची. कपाटापासून दारापर्यंत चार, वळलं की दारापासून कपाटापर्यंत चार. पाचवं टाकायचं म्हटलं तर एकीकडं गॅसची शेगडी आणि दुसरीकडं म्हाताऱ्या बापाची कॉट. गेले सात महिने हा बाबा तेवढ्याच जागेत येरझाऱ्या घालत होता, आणि त्याची बायको संघप्रिया भाकरी थापता थापता त्या पावलांकडं कान लावून असायची. मोजायची नाहीत असं रोज ठरवायची, तरी मोजली जायचीच. चौथ्या पावलाला त्याची टाच फरशीवर घासायची. तेवढा आवाज आला की हिचा भाकरीवरचा हात थांबायचा.

तसा माणूस काय लेचापेचा नव्हता. फौंड्रीत अठरा वर्षं मोल्डिंगला काढलेली. लोखंडाचा रस ओतताना भल्याभल्यांचा हात कापतो, ह्याचा कधी हलला नाही. आणि गेल्या जुलैत एका दुपारी छातीवर कुणीतरी बसलंय म्हणत तो भट्टीपासून दहा फुटांवर खाली बसला. हार्ट म्हणून सगळ्यांनी उचलून नेलं. ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, हार्ट ठणठणीत. मग त्याला सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरकडं पाठवलं. तेव्हापासून बंद जागेत बसलं की घाम, गर्दीत गेलं की घाम, आणि गप्प पडून राहिलं की डोक्यात नुसता भुंगा. कामावरनं आधी रजा होती, मग बिनपगारी रजा झाली, आणि पुढं तिला कुणी रजा म्हणायचंही सोडून दिलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड होत्या. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "गोळी अर्धं काम करते. उरलेलं अर्धं तुम्ही करायचं. रोज तासभर झाडांत चाला. गाड्यांच्या रस्त्यानं नको. झाडांत, हिरवळीत."

संघप्रियानं मान डोलावली. बाहेर आल्यावर तिला हसावं का रडावं कळेना. बाईंनी केसपेपरवरचा पत्ता काही वाचला नव्हता. माळावरच्या त्या वस्तीत दोनशे घरं, आणि झाड म्हणावं तर विहारासमोर एक पिंपळ होता, तोही चार वर्षांमागं गटारीच्या कामात गेला. आता तिथं सिमेंटचा गोल आहे आणि गोलात लोकांच्या मोटरसायकली उभ्या असतात.

झाडं नव्हती असं मात्र म्हणता येणार नाही. होती की, भिंतीपलीकडं. वस्तीच्या पाठीला लागूनच पारिजात कॉलनी, आणि मधल्या भिंतीवर काचा रोवलेल्या. भिंतीच्या वरनं करंजाचे, बुचाचे, बहाव्याचे शेंडे दिसायचे. वारा सुटला की पाला उडून इकडच्या गटारीत पडायचा. सावली तिकडं आणि कचरा इकडं, असा सगळा रीतसर कारभार.

आधी त्यांनी दुसऱ्या वाटा करून बघितल्या. हायवेच्या कडेनं चालून बघितलं. उसाच्या ट्रॅक्टरनं हॉर्न मारला तसा प्रसेनजीत खांब धरून उभा राहिला, तो अर्धा तास हलला नाही. रंकाळ्याच्या तळ्याकाठी न्यायचं ठरवलं. दोन बस बदलून जायचं, आणि दुसऱ्या बसमध्ये माणसं अशी चेंगरली की हा पठ्ठ्या मधल्याच स्टॉपला उतरून उलटा चालायला लागला. रंकाळा राहिला तिकडंच. शेजारची धोंडुबाई म्हणाली, "जोतिबाला नारळ फोडून या की, उतरंल." त्यावर म्हाताऱ्या गणपतींनी, म्हणजे प्रसेनजीतच्या वडलांनी, कॉटवरनंच तिला असं बघितलं की तिनं तो विषय परत काढला नाही.

संघप्रिया पारिजात कॉलनीत आण्णांच्या घरी स्वयंपाकाला जायची. आण्णा पाटबंधारे खात्यातनं रिटायर झालेले, बायको दोन वर्षांमागं गेली, मुलगा बेंगलोरला. बायको गेल्यावर आण्णा पार खचले होते. ताटावर बसायचे आणि घास हातातच राहायचा. संघप्रिया चपाती वाढायला गेली की म्हणायचे, "ठेव तिथं," आणि संध्याकाळी ती आली की चपाती तिथंच असायची. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण डबे पुसताना तिनं फ्रिजवरची गोळ्यांची स्ट्रिप बघितली होती. जांभळी. पुढं तशीच जांभळी स्ट्रिप तिच्या नवऱ्याच्या हातात आली, तेव्हा तिनं दोन्हींवरची अक्षरं जुळवून बघितली. गोळी तीच होती, पॉवरही तीच.

आणि आण्णा बरे झाले होते. आता ते दोन चपात्या खाऊन तिसरी मागायचे, फोनवर मोठ्यानं हसायचे. सकाळ-संध्याकाळ कॉलनीच्या बागेत फेऱ्या मारायचे. सकाळी सहाला पांढरे बूट घालून जी मंडळी तिथं फिरायची त्यांचे ते म्होरके, बागेच्या कमिटीचे अध्यक्षही तेच. संघप्रिया ह्या गोष्टीवर रात्रंदिवस विचार करायची. तीच गोळी खाऊन एकजण हसतोय आणि एकजण चार पावलांत फिरतोय.

शेवटी एका दुपारी पोळपाट धुता धुता तिनं विचारलंच. "आण्णा, एक इचारू?"

"विचार की."

"बागंत यायला पास लागतो न्हवं? आमच्या ह्यांस्नी मिळंल काय? डॉक्टरीणबाईंनी झाडांत फिरायला सांगितलंय."

आण्णांनी पेपर खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगायला हवं. वाईट असता तर पुढचं सगळं सोपं झालं असतं. "हे बघ संघप्रिया, माझ्या एकट्याच्या हातात असतं तर उद्या पाठवून दे म्हटलं असतं. पण कमिटी आहे. एकाला पास दिला की उद्या तुमची सगळी वस्ती दारात. मग मी कुणाकुणाला तोंड देऊ?" मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "थांब, एक वाट आहे. जोतीराम माळी काम सोडून गेलाय. तुझ्या नवऱ्याला सांग, सकाळी तासभर बागेतला पाला लोटायचा. खराटा हातात असला की कोण विचारतंय? कामाचं काम, फिरण्याचं फिरणं."

केवढं समाधान होतं त्यांच्या तोंडावर. संघप्रियाच्या हातातला पोळपाट मात्र सिंकमध्येच राहिला.

आता त्या घरात खराटा म्हणजे काय, हे आण्णांना कुठनं ठाऊक असणार. प्रसेनजीतचा आज्जा गावात चावडी झाडायचा, लोकांची अंगणं झाडायचा. तो त्याचा धंदा नव्हता, जातीनं गळ्यात बांधलेलं काम होतं. छप्पन साली दीक्षा घेऊन आला आणि आला त्या दिवशी त्यानं अंगणात खराटा पेटवला. गणपती तेव्हा बारा वर्षांचे होते. आज्ज्यानं त्यांना जाळासमोर उभं करून बजावलं होतं, "आपल्या घरात झाडू आपल्यासाठी. दुसऱ्याच्या दारात खराटा धरायचा न्हाई. उपाशी मेलास तरी न्हाई." ही गोष्ट गणपती दरवर्षी गल्लीतल्या पोरांना सांगायचे, आणि प्रसेनजीत ती ऐकतच वाढला. फौंड्रीत नवीन लागला तेव्हा सुपरवायझरनं गेटसमोरचा रस्ता झाडायला सांगितलं, तर हा दोन दिवस गेटबाहेर उभा राहिला पण झाडला नाही. त्याच्या अंगात मान म्हणून जे काही उरलं होतं, ते सगळं त्या एका गोष्टीत होतं. आणि आण्णा नेमकं तेच मागत होते, तेही उपकार म्हणून.

"त्ये न्हाई झाडणार," संघप्रिया म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी झाडती. पगार बी नको. त्याच्या बदली त्यांस्नी फिरू द्या."

आण्णांनी विचार केला. बाग सकाळी अकरा ते दुपारी चार बंद असायची. "मग असं करू. तू सकाळी उजाडायच्या आधी झाडून घे, मंडळी यायच्या आत. आणि तो दुपारी दोन ते चार येऊ दे. किल्ली तुझ्याकडं ठेव. बंद बागेत कुणाला त्रास नाही."

घरी येऊन तिनं सांगितलं, "आण्णांनी पास दिलाय. दुपारचा." आणि दुसरं सांगितलं, "पहाटं आणखी एका घरची पोळी धरलीया." दोन्ही खोटं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, लेक अक्षता कागलला नांदायला गेली, एवढ्या संसारात नवऱ्याशी ती पहिल्यांदा ठरवून खोटं बोलली. आणि जीभ जराही अडखळली नाही ह्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

पहिल्या दुपारी तिनं फाटक उघडलं आणि त्याला आत सोडलं. प्रसेनजीत करंजाखाली गेला, चार पावलं टाकली आणि वळला. परत चार, परत वळला. पुढं एवढी वाट पडली होती आणि हा माणूस नसलेल्या कपाटापाशी वळत होता. संघप्रियानं पदर तोंडात धरला. दहा-बारा वेळा तसं झाल्यावर तो थांबला, पायाकडं बघितलं आणि पाचवं पाऊल टाकलं. मग सहावं. मग ती मोजायची थांबली.

आठवड्यानं त्यानं घरी येऊन सांगितलं, "एक फेरी तीनशे बारा पावलांची हाय." सात महिन्यांत त्यानं आपणहून सांगितलेली ही पहिली गोष्ट. गणपतींनी कॉटवरनं विचारलं, "कुठली झाडं हायती?" तर करंज, बुच, बहावा, कांचन अशी नावं घेतली. पंधरा दिवसांत तो रात्रीचा झोपायला लागला. महिन्यानं भाकरीबरोबर खर्डा मागितला, आणि तिखट लागलं म्हणून शिवी पण हासडली. संघप्रियानं ती शिवी ऐकली आणि तिला घरात सण असल्यासारखं वाटलं.

पण एक बरं झालं की दुसरं बिघडायचंच. आता तिला झोप येईना.

मार्च लागला होता. पानगळ अशी की एका बाजूचा पाला गोळा करून वळावं तोवर दुसरी बाजू भरलेली. साडेचारला उठायचं, चोरासारखं दार लावायचं, सहाच्या आत पांढऱ्या बुटांची वाट लख्ख करायची, खराटा माळ्याच्या खोपटात लपवायचा, केसातला पाला काढायचा, हात दोनदा साबणानं धुवायचे. तळहाताला फोड आले तर सांगायचं की तवा लागला. एवढा तवा कुठल्या बाईला लागतो? घरात कुणी मागनं हाक मारली की काळीज धडधडायचं. चहात साखर घातली का नाही ते आठवायचं नाही. भाकरी थापताना आता येरझाऱ्यांचा आवाज येत नव्हता, तरी तिचे कान तिथंच लागलेले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी प्रसेनजीतला बघून टाळी वाजवली, म्हणाल्या, "वा, छान सुधारणा. घरात बाकी सगळे ठीक?" संघप्रिया म्हणाली, "व्हय." दुसरं काय सांगणार.

आणि मार्च संपायला आला तेव्हा एकदा प्रसेनजीतला पहाटेच जाग आली. सात महिन्यांत न मिळालेली झोप भरून काढून उठलेला माणूस तो, त्याला वाटलं, चला, बायको पोळीच्या कामावर गेलीया, तिला गाठावं आणि बरोबरीनं चालत यावं. कुठलं घर ते माहीत नव्हतं. नळावर धोंडुबाई होती, तिला विचारलं. धोंडुबाईला सगळं ठाऊक होतं, तीही कॉलनीत धुण्याला जायची. ती एवढंच म्हणाली, "बागंत बघ जा की."

संघप्रियानं मान वर केली तेव्हा तो फाटकाच्या गजांपलीकडं उभा होता. तिच्या हातात खराटा, कमरेला पदर खोचलेला, पायाशी पाल्याचा ढीग. "अवो," एवढंच तिच्या तोंडून आलं. तो वळला आणि निघून गेला.

त्या दुपारी दोन वाजले, तो उठला नाही. दुसऱ्या दिवशी दोन वाजले, नाही उठला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती आण्णांकडची कामं उरकून घरी आली तर दारातच तिला आवाज आला. एक, दोन, तीन, चार, टाच घासली. वळला. एक, दोन, तीन, चार. तिच्या मुठीत बागेची किल्ली होती, ती तिनं इतकी आवळली की तळव्याचा फोड फुटला.

"उठा... चला. दोन वाजलं," ती म्हणाली. बसलेला नव्हता तरी तोंडातनं उठाच आलं.

"मला न्हाई जायचं."

"का न्हाई?"

"तुला म्हाईत हाय." तो थांबला नाही, चालता चालताच बोलत होता. "माझ्या बायकूनं लोकांची बाग झाडायची, आन मी त्यात हवा खात हिंडायचं? आज्ज्यानं जाळला त्यो खराटा तू परत घरात आणलास. मला इचारलंस काय?"

तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं. दीड महिन्याची गेलेली झोप, फोड, धडधड, सगळं एकदम वर आलं. "जाळला, व्हय, जाळला. तवा घरातल्या बायकास्नी कुणी इचारलं हुतं? मी लोकांच्या घरी भांडी घासली, शिळं वेचलं, मोऱ्या धुतल्या, त्ये कधी शपथंत बसलं न्हाई. शपथ तुमी घ्यायची आन निभवायची आमी. तुमाला खराटा धरायला नको म्हणून मी धरला. तुमी चार पावलांत मरत हुतासा, आन मी काय बघत बसू?"

प्रसेनजीत कपाटापाशी उभा राहिला. मग कॉटवरनं म्हातारा बोलला.

"यल्लव्वा बी झाडायची."

यल्लव्वा म्हणजे प्रसेनजीतची आई. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"काय म्हणताय आबा?"

"शाळंचं पटांगण. वीस वर्षं." गणपती छताकडं बघून बोलत होते. "तू म्हणायचास आई पहाटं दळणाला जाती. त्याच शाळंत तू शिकलास. मला म्हाईत हुतं. त्या रस्त्यानं मी कामाला जात न्हवतो, तळ्याकडनं लांबनं जायचो, म्हंजी दिसायला नको. पोरास्नी गोष्ट सांगायचो खराटा जाळल्याची, तवा ती चुलीम्होरं बसून ऐकायची. एक शबुद बोलली न्हाई. मी शपथ मोडली न्हाई बाबा. मी फकस्त बघितलं न्हाई."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतनं पाणी कानाकडं चाललं होतं, ते त्यानं पुसलं नाही. संघप्रियाला सासूचे हात आठवले. तळव्याला ते कडक घट्टे होते, आणि ती सांगायची जात्यानं झालेत. घरात जातं कधी नव्हतंच, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

प्रसेनजीत तिच्याजवळ आला. तिची मूठ उघडून त्यानं किल्ली काढून घेतली, तळवा बघितला. बराच वेळ बघितला. मग त्यानं जे विचारलं ते गेल्या आठ महिन्यांत तिला कुणीच विचारलं नव्हतं, ना आण्णांनी, ना डॉक्टरीणबाईंनी. "तू झोपतीस काय गं?"

"न्हाई," ती म्हणाली, आणि मग तिला आवरेना. छातीत धडधडतं, भांडं पडलं की अंग कापतं, पहाटे रस्त्यात कुणी भेटेल म्हणून पाय लटपटतात, सगळं तिनं सांगून टाकलं. प्रसेनजीत ऐकत होता. ह्यातला एकेक शब्द त्याच्या ओळखीचा होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं गणपतींना समोर बसवून एक अर्ज लिहिला. कॉलनीच्या ले-आउटमधली ती मोकळी जागा कुणाच्या नावावर आहे, महापालिकेच्या असेल तर फाटकाला कुलूप कुणी आणि कुठल्या अधिकारानं लावलं, नकाशासकट उत्तर द्यावं. म्हाताऱ्यानं दोन ठिकाणी शब्द बदलले. महापालिकेत जाऊन प्रसेनजीतनं तो दिला आणि शिक्का मारलेली प्रत घेऊन आला. त्या ऑफिसात पंख्याखाली शंभर माणसं होती. त्याला घाम फुटला, पण शिक्का घेईपर्यंत तो रांगेतनं हलला नाही.

त्याच्या दुसऱ्या पहाटे संघप्रिया उठली तर हा कपडे घालून दारात उभा.

"तुमी कुठं?"

"चल."

बागेत तिनं खोपटातनं खराटा काढला, तसा त्यानं हात पुढं केला. "दे हिकडं."

"अवो, न्हाई. तुमी न्हाई."

"मंडळी येऊंदेत. मग सांगतो."

सहाला पांढरे बूट आले. पुढं आण्णा, मागं चार-पाच जण. त्यांत ऋतुराज नावाचा एक तरुण बंगलेवाला होता, कानात वायर घालून पळायचा. वाटेवर पाला तसाच पडलेला बघून तो थांबला. "आज झाडलं नाही काय?"

आण्णा दोघांकडं आळीपाळीनं बघत होते. "प्रसेनजीत, तुझी वेळ दोनची ठरलीय."

"व्हय आण्णा. दोनला मी येणारच हाय. आत्ता हिला घिऊन आलोय. हिला फिरायचंय." प्रसेनजीतचं कपाळ ओलं झालं होतं, पण तो बोलत राहिला. "हिला बी बरं न्हाई. हिला कुणी झाडांत फिर म्हणून सांगितलं न्हाई, कारण हिला कुणी इचारलंच न्हाई. ठरलाय तसा ह्यो महिना आमी भरतो. म्होरल्या महिन्यापासनं झाडणं न्हाई. जागा कॉलनीची का म्हापालिकेची, त्ये ह्यो कागद सांगंल." त्यानं खिशातनं अर्जाची प्रत काढून पुढं केली.

ऋतुराज म्हणाला, "आण्णा, हा तोच ना, ज्याची डोक्याची ट्रीटमेंट चालू आहे? सकाळी इथं लहान मुलं असतात."

संघप्रियाच्या जिभेवर ते शब्द आले. अगदी दातांपर्यंत आले. जांभळी स्ट्रिप, फ्रिजवरची, हीच गोळी, हीच पॉवर. आण्णांनी तिच्याकडं बघितलं, आणि हिला माहीत आहे हे त्यांना तेव्हा कळलं. स्ट्रिप तिथंच असल्यासारखा त्यांचा हात नकळत सदऱ्याच्या खिशाकडं गेला. एवढा मोठा माणूस, त्या क्षणी शाळेतल्या पोरासारखा उभा होता. तिला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून रागही आला. ती गप्प राहिली.

आण्णांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला, शिक्का बघितला, घडी घालून परत दिला. ऋतुराजकडं न बघता म्हणाले, "ट्रीटमेंट माझीपण चालू आहे, ऋतुराज. दीड वर्ष झालं. मुलांना काही झालेलं नाही." मग संघप्रियाला म्हणाले, "फेरी डावीकडनं मारतात. वळणावर मूळ वर आलंय, बघून चाल."

ते मूळ तिला आण्णांपेक्षा जास्त ठाऊक होतं. रोज त्याच्याभोवतीचा पाला तिला हातानं काढावा लागायचा.

प्रसेनजीतनं तिच्या हातातनं खराटा घेतला. ह्या वेळी तिनं दिला. तो नुसता उभा धरून थांबला, आणि मानेनं तिला वाट दाखवली.

संघप्रिया चालायला लागली. दीड महिना ह्या वाटेचा इंच न् इंच तिनं झाडला होता आणि एकदाही ती त्या वाटेवरनं नुसती चालली नव्हती. रिकामे हात कुठं ठेवायचे ते कळेना. डोळे खालीच, हे पान राहिलं, ते पान राहिलं. बहाव्यापाशी आल्यावर तिनं पहिल्यांदा वर बघितलं. वर सगळं पिवळं धमक झालं होतं, आणि ते कधी झालं ते तिला माहीतच नव्हतं.

तेवढ्यात मागनं आवाज आला. खर्र. थांबला. मग पुन्हा, खर्र, खर्र.

तिचे पाय जागीच थांबले. वळू नये असं एकदा वाटलं. नाही बघितलं तर त्याला सोपं जाईल, पुढं कधी दोघांनी बोलायचंही कारण नाही. मग तिला सासरा आठवला, आणि तळ्याकडनं जाणारा तो लांबचा रस्ता.

ती वळली आणि सरळ बघितलं. सगळ्या पांढऱ्या बुटांच्या देखत प्रसेनजीत झाडत होता. खराटा कसा धरायचा ते त्याला येत नव्हतं, वरवर ओढत होता, निम्मा पाला मागंच राहत होता. डोळ्यांना धार लागलेली. त्यानंही मान वर केली आणि तिच्याकडं बघितलं.

"किती झाली?" त्यानं तिथनं विचारलं.

"एकशे चाळीस," ती म्हणाली.

"तीनशे बारा हायती. चाल."

ती चालायला लागली.